मालकांच्या हिरड्या

आमच्या घरमालकांना हळू बोलता येत नाही, हे मला खोली बघायला गेले त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी फाटकापाशी उभी राहून बेल शोधत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "आणि आता फाटकातून आत येतायत, हातात निळी पिशवी, डोक्यावर हेल्मेट, पाहुण्या कुठल्या ते अजून समजलेलं नाही!" मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"मी दापोलीची," मी म्हणाले. "बँकेत बदली झालीय. खोली आहे असं कळलं."

"दापोलीच्या पाहुण्या!" हे त्यांनी रस्त्यापलीकडच्या गिरणीला सांगितलं. मग एकदम साध्या आवाजात, म्हणजे जेमतेम चार घरांना ऐकू जाईल एवढ्या, म्हणाले, "खोली वर हाय. जिना डाव्या हाताला. चढा की, पावणं."

तेव्हापासून मी 'पावणं' झाले ती बदली होईपर्यंत पावणंच राहिले. पोस्टमन पावणं, मांजर पावणं, सख्खा जावईही पावणंच. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतून जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं. तिथे माईक धरायचा, पैलवानांची नावं पुकारायची, डाव समजावून सांगायचे आणि गर्दी पेटवायची, हे मालकांचं काम. कोडोलीकडच्या एका गावात तर ते मिसरूड फुटल्यापासून पुकारत आलेले. पोटासाठी पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं, पण कुणी विचारलं तर सांगायचे, "ते आपलं असंच. जोडधंदा."

माईक हातात असला की ते शुद्ध, भारदस्त मराठी बोलायचे आणि माईक ठेवला की कोल्हापुरी. अडचण एवढीच, की त्यांच्या मते माईक त्यांनी कधी ठेवलेलाच नसायचा. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. मावशी स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर सरकवू लागल्या की बाहेरून पुकारा व्हायचा, "लाल लंगोटातला मल्ल वजनानं भारी, पण समोरच्या पैलवानीण अनुभवी! पट काढला! पट काढला!"

"पट काढला व्हय?" मावशी आतून म्हणायच्या. "या हितं आन् उचला तेवढं."

मग बाहेर शांतता. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवलेली असायची.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घेऊन ते सकाळी अंगणात फेऱ्या मारायचे. बोट तोंडात, आणि बोटाच्या कडेकडेने बोलणं चालू. एकदा मी ब्रशचा विषय काढला. ते थांबले, बोट बाहेर काढलं आणि माझी कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "पावणं, ब्रश हा मोटारीचं वाइंडिंग झाडायला असतोय."

त्यांच्या तोंडाला वास यायचा. हिरड्यांतून रक्त यायचं. मावशी याबद्दल वर्षानुवर्षं बोलत होत्या, पण त्या घरात दुसऱ्याचा आवाज पोचणं अवघडच होतं.

एका रविवारी मी जिन्यात कपडे वाळत घालत होते आणि मालक पायरीवर बसून पेरू खात होते. पहिला चावा घेतला आणि ते गप्प झाले. ते आपण होऊन गप्प झालेले मी तोवर पाहिलेले नव्हते, म्हणून वाकून बघितलं. पेरूवर रक्त होतं.

मावशी धावत आल्या. "आवं, रगत आलंय!"

"कुठलं रगत? पेरूच लाल हाय."

पेरू पांढरा होता. मावशींनी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मालकांनी पेरूकडे बघितलं, मग जिभेने खालचा एक दात ढकलून बघितला. दात हलला. आम्हा दोघींना दिसला.

संध्याकाळी ते स्वतः वर आले. गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "पावणं, दात गेले तर खाण्याचं काय न्हाय. भाकरी कालवून खाता येतीया. पण दात गेला की 'श' जातोय. 'स' बी जातोय. मग 'तमाम कुस्तीशौकीन' कसं म्हणायचं?"

"म्हणता येईल की," मी म्हणाले.

त्यांनी ओठ आत दुमडून दात झाकले आणि म्हणून दाखवलं, "तमाम कुफ्तीफौकीन बंधूभगिनींनो, पैलवानानं फड्डू ठोकला!"

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. "बघा," ते म्हणाले, "तुमी एकट्या हाय तर एवढं हसालायसा. मैदान भरून मानसं असत्यात."

तेव्हा मला कळलं की माणूस घाबरलाय.

राजारामपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेला टोपी बसवली होती. मालकांचा मुलगा पुण्यात, मावशींना रक्त बघवत नाही, तेव्हा मालकांना तिथे न्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते सगळ्या रस्त्याला सांगत होते, "रिक्षा डावीकडून! पावण्यांनी ढाक टाकायचा प्रयत्न केला! निसटल्या!"

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, शेतकरी जैन घरातल्या, बोलायला मऊ आणि ऐकायला कडक. त्यांनी दार उघडून म्हटलं, "या, आजोबा."

मालकांनी मागे वळून बघितलं. "आजोबा कोन आलंय?"

तपासणी झाली. दातांच्या मुळाशी घाण साचून हिरड्या सुटल्या आहेत, दात हलतोय तो त्यामुळे. आधी साफ करू, मग लेझरने उपचार करू, चिरायला नको, टाके नकोत, असं त्यांनी नीट समजावलं.

"लेझर म्हंजे उजेडच न्हवं?" मालकांनी विचारलं.

"हो, एक प्रकारचा प्रकाशच."

"मग घरात ब्याटरी हाय की. रोज रात्री मारून घेतो."

"आजोबा," त्या म्हणाल्या, "मोटार जळाली तर लोक तुमच्या दुकानात येतात की घरी ब्याटरी मारतात?"

मालक मुकाट्याने खुर्चीत मागे टेकले. मला ती बाई तिथेच आवडली.

लेझरच्या दिवशी त्यांना काळा चष्मा घातला होता. आतून अर्धा-पाऊण तास आवाज नाही. मी बाहेर बसून काळजीत पडले. मग ते बाहेर आले, गाल सुन्न, चष्मा तसाच डोळ्यांवर, आणि हाताने खूण केली की फोटो काढा. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. एखादा मोठा गुंड नुकताच तुरुंगातून सुटल्यासारखे दिसतात.

खरी मजा सुरू झाली ती यानंतर. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "उपचार माझा झाला. आता बरं होणं तुमच्याकडे. पहिले काही दिवस गार आणि पातळ खायचं, मग मऊ. तिखट नाही, गरम नाही, कडक काही नाही. स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही. मी सांगेपर्यंत त्या जागी ब्रश लावायचा नाही. औषधाचं पाणी तोंडात घ्यायचं, हलकं फिरवायचं आणि सोडून द्यायचं, जोरात थुंकायचं नाही. ओठ ओढून सारखं बघायचं नाही. मिश्री बंद, कायमची. आणि ओरडायचं नाही."

मालकांनी एकेका वाक्याला मान हलवली. शेवटच्या वाक्याला मान अर्ध्यात थांबली.

"ओरडायचं न्हाय म्हंजे किती?"

"अजिबात नाही. हळू बोला. हिरड्यांना विश्रांती द्या."

"पण कोडोलीकडं मैदान हाय. जत्रेचं."

डॉक्टरीणबाईंनी गावाचं नाव विचारलं आणि त्या हसल्या. ते त्यांचंच गाव निघालं. "तोपर्यंत नीट पथ्य पाळलंत तर बघू," त्या म्हणाल्या.

मालकांचा स्वभाव असा, की करायचं नाही तर काहीच करायचं नाही आणि करायचं तर टोकापर्यंत. घरी आल्याआल्या त्यांनी मिश्रीची डबी मावशींच्या हातात दिली, नारळ वाढवतात तशा गंभीरपणे. मावशींनी ती तिथल्या तिथे कचऱ्याच्या गाडीत टाकली. मग मालक जे कुजबुजायला लागले ते इतकं हळू, की शेजारी बसूनही ऐकू येईना. पाणी पाहिजे तरी कानाशी येऊन सांगायचे, सरकारी गुपित सांगितल्यासारखं.

पहिले दोन दिवस मावशी सुखात होत्या. दुपारी झोपल्यासुद्धा. तिसऱ्या दिवशी मात्र गिरणीवाल्या बाई भेटायला आल्या. दारातच डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मालक शेवटी कसं होतं ओ? लई हाल झालं न्हाईत न्हवं?" घरातून आवाज येत नाही म्हणजे दुसरं काय असणार! मालक आतून कुजबुजत ओरडत होते, "जिता हाय! जिता हाय!" पण ते फक्त मांजराने ऐकलं.

जेवणाचा प्रश्न मावशींनी मिक्सरवर सोपवला. मऊ खिचडी मिक्सरमधून, केळं मिक्सरमधून, दहीभात मिक्सरमधून. एकदा तर शिऱ्यात दूध घालून तेही फिरवलं. मालक वाटीकडे बघत आणि माझ्याकडे बघत. रविवारी शेजारी मटण शिजलं आणि वास भिंतीवरून आला, तेव्हा मावशींनी दया येऊन पांढरा रस्सा केला. तिखट नाही, मिरी नाही, आणि गार करून. मालकांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि कुजबुजले, "हे दूध हाय."

आरशाचं प्रकरण वेगळंच. ओठ ओढून बघायचं नाही असं सांगितल्यामुळे त्यांना बघितल्याशिवाय राहवेना. मावशींनी घरातले आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग एका सकाळी मी खाली आले तर मालक माझ्या स्कूटरपुढे गुडघे टेकून, तिच्या आरशात ओठ ताणून बसलेले.

"पावणं, रंग बघा बरं," ते कुजबुजले.

"गुलाबी आहे."

"कसला गुलाबी? साडीसारखा का गुलाबजामसारखा?"

"गुलाबजाम गुलाबी नसतो, मालक."

"मग काय झालंय माज्या हिरड्यास्नी?"

त्यांचा चेहरा असा पडला की मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या की रंग थोडा बदलतो, दात सुरुवातीला जास्तच हलल्यासारखा वाटतो, घाबरायचं नाही, आणि त्यांना सांगा की ओठ सोडा. त्यांनी ओठ सोडला. मावशींनी त्या दिवसापासून स्कूटरच्या दोन्ही आरशांवर मालकांचे मोजे चढवायला सुरुवात केली. मी एकदा ते काढायला विसरले आणि तशीच बँकेत गेले. दिवसभर गिऱ्हाइकं मोज्यांविषयी विचारत होती.

पण त्या सगळ्या दिवसांतली एक संध्याकाळ मला विशेष आठवते. मावशी बहिणीकडे गेल्या होत्या. मालक वर आले, हातात स्टीलचा डबा. आत मिसळ. झणझणीत, वर तर्रीचा लाल थर.

"मालक!" मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात जोडले. "मी खात न्हाय. तुमी खावा. मी बगतो."

माझं तिखट म्हणजे दापोलीचं, बेताचं. तरी त्यांच्याकडे बघून नाही म्हणवेना. मी पहिला घास घेतला. मालक समोर मांडी घालून बसले, आणि एकदम त्यांचा तो शुद्ध, भारदस्त आवाज निघाला, पण कुजबुजता. "पाहुण्यांनी सलामी दिलेली आहे. पाव बुडवला आहे. कट घेतला आहे. सुरुवात सावध आहे."

दुसऱ्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं.

"मिसळीनं मानेवर पकड घेतलेली आहे," मालक कुजबुजले. "पाहुण्या घामाघूम. परंतु मैदान सोडलेलं नाही. हा दम दापोलीच्या मातीतला आहे, कुस्तीशौकीनहो."

मी रडत होते, हसत होते आणि खात होते. एवढ्या हळू आवाजात त्यांना पुकारता येत होतं, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त रंगत होतं. मध्ये ओरडणं नसल्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता. डबा संपला तेव्हा त्यांनी माझा हात धरून वर केला आणि मला विजयी घोषित केलं. मी रात्रभर ताक पीत होते, ते वेगळं.

जत्रा जवळ आली. पुढच्या तपासणीला मालकांनी दातओठ घट्ट मिटून निर्णय ऐकला. हिरड्या चांगल्या भरत होत्या. मैदानाला परवानगी मिळाली, एका अटीवर.

"बोला, पण हळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माईक असतो ना तिथे?"

"असतोय की."

"माईक आवाज मोठा करायलाच असतो. मग तुम्ही दोघं मिळून का ओरडता?"

 आयुष्यात हे मालकांना कुणी सांगितलं नव्हतं.

मैदानाला आम्ही तिघं गेलो. ऊस तोडून मोकळ्या केलेल्या रानात आखाडा केला होता, चहूबाजूंनी माणसं, हलगी कडकडत होती. बायकांच्या बाजूला मावशी आणि मी. थोड्या अंतरावर डॉक्टरीणबाई घरच्यांबरोबर बसलेल्या. मालकांना मानाचा फेटा बांधला आणि ते माईक घेऊन आखाड्याच्या कडेला उभे राहिले.

"तमाम कुस्तीशौकीन बंधूभगिनींनो," ते म्हणाले. एवढ्या हळू, की पहिल्या रांगेनंतर कुणाला काही कळलं नाही. मागून आरडाओरडा सुरू झाला, "आवाज! आवाज!" स्पीकरवाल्याला वाटलं यंत्र बिघडलंय. त्याने बटण फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेलं. आता मालकांचा श्वासही शेजारच्या गावात जात असावा.

आणि खरंच सगळं छान चाललं. हळू आवाज, मोठा कर्णा. लोक कान देऊन ऐकू लागले. मावशी हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. "बरं बोलत्यात की ओ," त्या म्हणाल्या, जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत.

शेवटची मोठी कुस्ती लागली. मल्ल बराच वेळ एकमेकांना चुकवत राहिले. मग एकाने घिस्सा मारला, दुसरा फिरला, उलटा कब्जा घेतला, आणि मालकांचं भान सुटलं.

"धरलाऽऽऽ!"

कर्णे किंचाळले. हलगीवाल्याची टिपरी उडाली. कडेला बांधलेली म्हैस दावं तोडून शेजारच्या उसात शिरली. आणि ज्या दोघांची कुस्ती होती ते पैलवान पकड सोडून कान झाकून उभे राहिले.

मालक गालावर हात धरून खाली बसले.

डॉक्टरीणबाई उठून माणसांतून वाट काढत आखाड्यापाशी गेल्या. मोबाईलचा दिवा लावला आणि त्यांच्यासमोर बसल्या. मालकांच्या हातात माईक तसाच होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"आ करा." सगळ्या रानात घुमलं, आ करा.

"आऽ."

"अजून. जीभ खाली. हे काळं काय आहे?"

मैदान एकदम चिडीचूप झालं.

"काळं कुठं? फेट्याची सावली हाय."

"आजोबा, मिश्री लावलीत?"

"न्हाय."

"आजोबा."

"येवढीशीच," कर्ण्यांतून आवाज आला, बारीक आणि दीन. "सकाळच्याला. मैदान होतं म्हणून. बोटाला चिकटलीती."

"आणि बोट तोंडात कसं गेलं?"

"सवयीनं गेलतं."

मैदान फुटलं. पंच मातीत बसून हसत होते. एक पैलवान दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होता. इकडे मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज माईकशिवाय तिथवर पोचला, "डबी इचारा, डॉक्टरीणबाई! दुसरी डबी हाय! इचारा कुठं हाय!"

मालकांनी फेट्याच्या घडीत बोटं घातली आणि डबी काढली. ती पहिल्या रांगेतल्या माणसाने घेतली, मागच्याला दिली, त्याने त्याच्या मागच्याला, आणि हजारभर डोक्यांवरून प्रवास करत ती मावशींच्या हातात आली. तेव्हा कुठे मालकांचं लक्ष हातातल्या माईककडे गेलं.

"हे चालू हाय?" ते म्हणाले. तेही सगळ्यांनी ऐकलं.

दात जागेवर होता. हिरडी थोडी दुखावली होती, एवढंच. मालक उठले, फेटा नीट केला, घसा साफ केला आणि हळू आवाजात म्हणाले, "वैद्यकीय कारणास्तव थांबलेली कुस्ती पुन्हा सुरू होत आहे." पैलवानांनी हात मिळवले. ती कुस्ती कोण जिंकलं, मला खरंच आठवत नाही. मला आठवतंय, लोक पुढे सरकून, मान वाकडी करून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. स्कूटरवर ते एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तो खालचा दात चिमटीत धरून हलवून बघितला. पुन्हा बघितला.

"घट्ट होतोय," त्या म्हणाल्या. "पण मिश्री पुन्हा दिसली तर मी नाही बघणार. खरंच नाही."

मालकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर एक तगडा गडी गालाला रुमाल लावून बसला होता. आतून यंत्राचा आवाज आला की दचकत होता. मालक त्याच्याशेजारी बसले.

"पयल्यांदाच आलायसा, पावणं?"

त्याने मान हलवली.

"भ्यायाचं काय कारण न्हाय," मालक म्हणाले, अगदी हळू, त्याच्या कानाशी. "बाई लई चांगल्या हायत. फकस्त आ करायच्या आधी बघून घ्यायचं, माईक बंद हाय का."